फुंकणीची सुई

कार्ल्याच्या हौशीरामला लोणावळ्याच्या बाजारात सगळे ‘फोटोवाला’ म्हणत, पण फोटो काढणं त्याला कधीच आलं नाही. फोटो काढायचे मेहेंदळे मास्तर. पुण्यातल्या एका शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी सोडून त्यांनी स्टेशनाजवळ स्टुडिओ टाकला होता. मास्तरांनी काढलेला फोटो मोठा झाला, पुठ्ठ्यावर चिकटला, की त्या करड्या, मलूल चेहऱ्यात जीव ओतायचं काम हौशीरामचं. गालावरचा डाग घालवायचा, डोळ्यांत चमक आणायची, मागचा चुरगळलेला पडदा पुसून तिथे धुक्यासारखी हलकी छटा सोडायची. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नथू टांगेवाल्याच्या टांग्यामागे त्याने काढलेला मोर मास्तरांनी एकदा पाहिला, भर रस्त्यात टांगा थांबवला आणि विचारलं, “ही मान कुणी काढली रे?” तिथून हौशीरामचे दिवस पालटले.

छत्तीस सालच्या दिवाळीनंतर मास्तरांनी मुंबईहून एअरब्रश आणला. फाउंटन पेनपेक्षा थोडा जाड, चकचकीत, वर इवलीशी वाटी, खालून रबराची नळी आणि ती नळी पायाने दाबायच्या पंपाला जोडलेली. वाटीत पातळ काळा रंग घालायचा, बोटाखालचा खटका दाबून मागे ओढायचा, की टोकातून रंगाची वाफ निघे. कुंचल्याने दिवसभर घासूनही जी छटा येत नसे ती या यंत्राने चार फुंकरांत येई. मुंबईची बंगलेवाली मंडळी आपल्या वडीलधाऱ्यांचे फोटो घेऊन लोणावळ्याच्या मास्तरांकडे येऊ लागली, ती या वाफेमुळेच.

“यंत्राला कामानंतर पाणी पाजायचं,” मास्तरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं. “वाटी रिकामी कर. निवळ पाण्याचा फवारा येईपर्यंत पाणी सोड. मग मागून ही सुई अलगद काढ, पूस, परत घाल. सुईचं टोक कशाला लागता कामा नये. रंग आत वाळला, तर यंत्राचा गळाच धरेल.”

हौशीरामच्या हातात कला होती, पण काम झाल्यावर स्वतःचे हात धुवायचाही त्याला कंटाळा. चित्र पुरं झालं की त्याचा जीव त्यातून निघून जायचा. एखादी वाटी पाणी घाईघाईने सोडायचं आणि चालू पडायचं. दोन-तीन महिन्यांतच एअरब्रश थुंकायला लागला. वाफेऐवजी बारीक बारीक शिंतोडे. फोटोतल्या एका पारशी म्हाताऱ्याच्या पांढऱ्या डगल्यावर काळ्या पुटकुळ्या उठल्यासारखं झालं, तेव्हा मास्तरांचं टाळकं सरकलं.

“उद्यापासून हा कुलपात,” ते म्हणाले. “ज्याला साफ करता येत नाही त्यानं हातात धरू नये.”

हौशीरामने पाय धरायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी, रविवारभर घरी नेऊन साफ करून आणतो, या बोलीवर लाकडी पेटी घेऊन तो घरी आला.

त्याचं घर म्हणजे तुंगार्लीतल्या एका शेटच्या बंगल्यामागची नोकरांची खोली. त्याची बायको झुंबर बंगल्यात कामाला होती, म्हणून ती खोली मिळाली होती. झुंबर बेडशाची. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बोलायला बेताची, पण तिची बोटं अशी होती, की बंगल्यातल्या शेठाणीबाईंनी महिन्याभरात तिला भांड्यांवरून काढून काचसामानावर घातलं. चिनीमातीचे पातळ पेले, कंदिलांच्या कोरीव काचा, शेटच्या ग्रामोफोनची सुई बदलणं, सगळं तिच्याकडे. तांदूळ निवडताना दुसऱ्या बाईला न दिसणारा खडा तिला दिसायचा.

तिने पेटी उघडून पाहिलं. “ही कसली फुंकणी?”

“फुंकणी न्हाई, एअरब्रश म्हंत्यात. विलायती हाय. हात लावू नगंस.”

“लावला न्हाई तर साफ कसा व्हनार?” ती म्हणाली. “तुमी तर सकाळधरनं नुसते बघत बसलाय.”

मग हौशीरामने मास्तरांनी सांगितलं होतं तसं सांगितलं आणि तिने तसं केलं, पण तिच्या पद्धतीने. सुटे भाग कोमट पाण्यात घालून ती स्वयंपाकाला लागली. भाकरी झाल्यावर पाणी बदललं. ते परत काळं झालं, परत बदललं. टोकाच्या तोटीचं भोक इतकं बारीक की त्यात काही शिरेना. तिने नथूकडून त्याच्या घोड्याच्या शेपटीचा एक केस आणवला आणि तो आतून फिरवला. सुई जुन्या धोतराच्या मऊ चिंधीत धरून बुडापासून टोकाकडे ओढली, दर वेळी थोडी गोल फिरवत. टोकाकडून बुडाकडे कधीच नाही. शेवटी सुई दाराच्या उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिली.

“आता फुंका,” ती म्हणाली.

हौशीरामने पंप दाबला. ‘स्स्स’ असा एकसारखा आवाज झाला आणि कागदावर श्वास टाकावा तशी छटा उमटली. तो बघतच राहिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पेटी घरी येऊ लागली. मास्तरांना त्याने सांगितलं होतं, की घरी निवांतपणे साफ करतो. कोण करतं हे त्यांनी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. पाचेक वर्षं असं चाललं. झुंबरला त्या यंत्राचा कान होता. फवाऱ्याचा आवाज जरा घोगरा आला की ती लांबून म्हणायची, “तोटीत रंग बसलाय,” आणि तो बसलेलाच असायचा. लोणावळ्याच्या पावसात चार महिने भिंतींना बुरशी येते, कपाटातल्या कात्र्यांना गंज चढतो, पण त्या सुईवर कधी तांबूस ठिपका दिसला नाही. पेटीत ती भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची आणि दर चार दिवसांनी ते तांदूळ पुन्हा भाजायची. शिंप्याकडून शिवणाच्या मशीनचं तेल आणून त्याचा एक थेंब खटक्याला लावायची, पण सुईच्या टोकाला तेल लागू द्यायची नाही. तिथे तेल लागलं की रंग फाटतो, हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं.

साफ झाल्यावर ती उरलासुरला रंग रद्दीच्या कागदावर फुंकून बघायची. एकदा हौशीराम परसातून आत आला, तर कागदावर डोंगर होता. बेडशाच्या वरचा, लेण्यांचा. पायथा गडद, माथा धुक्यात विरत गेलेला, मधेच एक फिकट पट्टा, जशी सकाळी खालच्या भातखाचरांतून वाफ निघते तसा. कुंचला कधी न धरलेल्या बाईने ते केलं होतं.

“बरं जमलंय की,” असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण त्याच्या आत काहीतरी बारीकसं टोचलं आणि तो म्हणाला, “रंग फुकट घालवू नगंस. मास्तर हिशेब ठेवत्यात.”

मास्तर रंगाचा कसलाही हिशेब ठेवत नव्हते. झुंबरने कागद चुलीत घातला आणि त्यानंतर ती फक्त सरळ रेघा फुंकून बघायची.

एक्केचाळीस सालच्या मार्गशीर्षात ज्यांच्या बंगल्यामागे ते राहायचे त्या शेटच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. म्हातारीचा एकुलता एक लहानसा फोटो होता, तोही पुसट. मास्तरांनी तो मोठा केला, उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा, आणि हौशीराम आठवडाभर त्यावर बसला होता. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी फक्त मागची छटा आणि पदराची कड राहिली होती. म्हातारीचा चेहरा असा साधला होता, की मास्तर दोनदा मुद्दाम येऊन बघून गेले होते.

साडेदहाच्या सुमारास टोकावर रंग वाळून फवारा अडला. असं होतच असे. अशा वेळी टोक ओल्या फडक्याने टिपायचं एवढंच काम. पण हौशीराम घाईत होता. त्याने सुई मागून उपसली, टेबलावर ठेवली आणि पाण्याचा पेला घ्यायला वळला. कोपर लागलं. सुई घरंगळली आणि टोकावर शहाबादी फरशीवर पडली. अगदी हलकासा ‘टिण्’ आवाज झाला.

त्याने उचलून पाहिली. नजरेला काही दिसत नव्हतं, पण अंगठ्याच्या नखावरून फिरवली तेव्हा ती अडकली. टोक गळासारखं वळलं होतं, अगदी केसाएवढं. झुंबर असती तर तिने तिथेच हात आखडला असता. त्याने टोक नखावर दाबून सरळ केल्यासारखं केलं आणि सुई आत सारली. आत काहीतरी खरखरलं. त्याने जोर लावला. ती बसली. त्याने पंप दाबला, ब्रश चित्राकडे नेला आणि खटका ओढला.

काळ्या रंगाची पिचकारी म्हातारीच्या कपाळापासून गळ्यापर्यंत पडली.

पहिल्या घाबरगुंडीत त्याने ओला कापूस फिरवला आणि होतं ते आणखी बिघडवलं. कागदाचा वरचा पापुद्रा निघाला, डाव्या डोळ्याच्या जागी राखाडी चिखल झाला. ‘अरे, अरे’ असं त्याच्या तोंडून निघालं असावं, कारण मास्तर आतल्या अंधाऱ्या खोलीतून धावत बाहेर आले.

त्यांनी चित्र पाहिलं. मग त्यांनी एअरब्रश हातात घेतला, सुई बाहेर काढली, उजेडात धरली. तोटी काढली, तिच्या काठाला तडा गेलेला होता.

“हे कसं झालं?”

“सुई वाकडी झालीया, मास्तर.”

“ते दिसतंय मला. कशी झाली?”

हौशीरामने हातातला ओला कापूस टेबलाखाली टाकला. “रोज... रोज घरी साफ करत्यात ती,” तो म्हणाला. “माजी बायको करती साफ.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढे कितीतरी वेळा त्याने स्वतःची समजूत याच गोष्टीने घालायचा प्रयत्न केला, की मी खोटं एक अक्षरही बोललो नाही.

“बायको?” मास्तर म्हणाले. “विलायती यंत्र तू बायकोच्या हातात देतोस? राख आणि काथ्या घेऊन घासते की काय ती?” आणि बोलता बोलता ते थांबले, कारण दारात झुंबर उभी होती. रोजच्याप्रमाणे ती दुपारची भाकरी घेऊन आली होती. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

मास्तर तसे भले गृहस्थ. त्यांनी आवाज खाली आणला. “बाई, काल रात्री तुम्ही साफ केलंत तेव्हा तुमच्या हातून पडली का ही?”

झुंबरने त्यांच्या हातातली सुई पाहिली. मग तिने हौशीरामकडे पाहिलं. हौशीराम चित्राकडे बघत होता.

“पडली असंल,” ती म्हणाली.

भाकरीचं फडकं तिने उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि ती गेली.

त्या दिवशी घरी जाताना हौशीरामने सगळं मनात जुळवलं होतं. गेल्या गेल्या सांगायचं, की मी भ्यालो, माझं चुकलं, उद्या मास्तरांना जाऊन खरं काय ते सांगतो. ती चुलीपुढे बसली होती. तिने ताट वाढलं. तो म्हणाला, “मास्तर लय तापले व्हते.”

“व्हय,” ती म्हणाली.

तिने आणखी एक शब्द विचारला असता, तर त्याला पुढचं बोलता आलं असतं. तिने विचारला नाही. त्याने पाणी प्यायलं, भाकरी खाल्ली आणि दिवस मावळला तो मावळलाच.

श्राद्धाला भिंतीवर फोटो लागला नाही. मास्तरांनी आठ दिवसांनी दुसरा करून दिला, नुसत्या कुंचल्याने. पण दिवस निघून गेला होता. शेटनी मास्तरांना कारण विचारलं आणि मास्तरांनी त्यांना समजलं होतं ते कारण सांगितलं. शेठाणीबाई झुंबरला रागे भरल्या नाहीत. त्यांनी फक्त काचेच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून परत घेतली आणि तिला पुन्हा मोरीवर घातलं. ग्रामोफोनला हात लावायचा नाही, असं दुसऱ्या बाईकडून कळवलं.

ते हौशीरामला कळलं तेव्हा झुंबर काथ्याने कढई घासत होती. तो म्हणाला, “मी शेटला सांगू का काही?”

“काय सांगनार?” तिने वर न बघता विचारलं.

तो पायात चपला सरकवून बाहेर पडला. ती घासत राहिली.

लढाई चालू होती. मुंबईच्या दुकानातून पत्र आलं, की सुई आणि तोटी लढाई संपेपर्यंत मिळणार नाही. हौशीरामने सुई सहाणेवर घासून पाहिली. फवारा कसाबसा यायचा, पण मधेच फुटायचा. एका संध्याकाळी तो पेटी घरी घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवली. “जरा बघ तरी. तुज्या हातानं सुधरंल.”

“माज्या हातानं मोडली म्हनून सांगितलंया न्हवं?” ती शांतपणे म्हणाली. “मग आता माजा हात कशाला?”

पेटी तशीच परत गेली. पुढच्या पावसाळ्यात सुईला गंज चढला. त्या वर्षी झुंबर पहिल्यांदा भावाच्या भातलावणीसाठी म्हणून बेडशाला गेली आणि महिना-दीड महिना तिकडेच राहिली. पूर्वी ती दोन दिवसांच्या वर राहत नसे.

शेवटी मास्तरांनी यंत्र रखमाजीकडे पाठवलं. रखमाजी आधी रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता, आता बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि सुई बोटांत फिरवत बराच वेळ बघितली.

“ही कुनी सांभाळलीया रं?” त्याने विचारलं.

“का?”

“गंज हाय तो अलीकडचा. त्याच्याखाली बघ, इतकी वर्सं वापरलेली सुई, पन अंगावर एक चरा न्हाई. असं सामान मी रेल्वेच्या सायबांकडं पन बघितलं न्हाई.”

“माजी बायको करायची,” हौशीराम म्हणाला.

रखमाजीने तोटी उचलली. “आन् ही कुनी फोडली? वाकडी सुई जोरानं आत रेटलीया. तडा आतनं बाहेर गेलाय. साफ करनाऱ्याचं काम न्हवं हे. कामाच्या घाईत असलेल्याचं हाय.” त्याने भिंग काढलं आणि हौशीरामकडे पाहिलं. तोटीच्या तड्याला कथिलाचा डाग देऊन, सुई तेलाच्या दगडावर साफ करून त्याने यंत्र परत दिलं. “मोट्या कामाला चालंल. बारीक कामाचं नाव घिऊ नगंस.”

दुकानातून निघताना हौशीराम सरळ मास्तरांकडे जायचं ठरवूनच निघाला होता. पण स्टुडिओत पलटणीतले चार-पाच जवान बसले होते. घरी पाठवायला फोटो काढून घेण्यासाठी त्या दिवसांत जवानांची रीघ असायची. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या उजाडला तर मास्तरांचा दात दुखत होता. मग संक्रांत आली. बोलायची गोष्ट अशी बाजूला सारत गेलं, की ती दिवसेंदिवस जड होत जाते, आणि जड झाली म्हणून आणखीच बाजूला सारली जाते. बघता बघता सुई मोडल्याला अडीच वर्षं झाली.

एवढ्या काळात मास्तरांनी त्या प्रसंगाची एक गोष्ट करून टाकली होती. फोटोला बसलेलं गिऱ्हाईक अवघडलं की त्याला हसवायला ते सांगायचे, “आमच्याकडे विलायतेचं एक यंत्र होतं. आमच्या कारागिराच्या बायकोनं त्याला चुलीची फुंकणी समजून राखेनं घासलं!” गिऱ्हाईक हसायचं आणि मास्तर फोटो घ्यायचे. गोष्ट बाजारभर झाली होती. झुंबर भाजी घ्यायला गेली की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. ‘फुंकणी’ हा शब्द तिचाच. हौशीरामने कधीतरी कौतुकाने तो मास्तरांना सांगितला होता.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात मुंबईचं एक मोठं कुटुंब फोटोला आलं. दहा-बारा माणसं, त्यात शेठाणीबाईंची बहीणही होती. धाकटी सून घाबरून ताठ बसली होती. मास्तरांनी काळं कापड बाजूला केलं आणि गोष्ट सुरू केली. “आमच्या कारागिराच्या बायकोनं...”

“मास्तर, ती सुई मी मोडली.”

हौशीराम आपल्या टेबलापाशी उभा होता. हे शब्द आपल्याच तोंडून निघाले हे त्यालाही क्षणभर कळलं नाही. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“माज्या हातनं फरशीवर पडली. मीच ती जोरानं आत घातली. तिनं आदल्या दिशी नीट साफ करून दिली व्हती. तिचा काय बी गुन्हा न्हवता.”

मास्तरांनी फोटो पुरा केला, मंडळींना निरोप दिला, दार लोटून घेतलं. मग ते स्टुलावर बसले. हौशीरामला वाटलं होतं ते आरडाओरडा करतील. ते अगदी हळू बोलले.

“त्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरलो असतो. अडीच वर्षं त्या बाईला मी गावाच्या तोंडी दिलं. ते कसं निस्तरायचं, सांग.”

हौशीराम गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या खुर्च्या उचलू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः डोक्याला पगडी घालून तुंगार्लीला चालत आले. खोलीत बसायला पाट दिला त्यावर बसले. झुंबरने गुळाचा चहा केला. ती जातीने कुणबी आणि मास्तर ब्राह्मण, पण त्या दिवशी त्यांनी तो चहा प्यायला आणि कप खाली ठेवून हात जोडले.

“बाई, माझ्या तोंडून तुमची फार बदनामी झाली. मी शेटकडेही जाऊन आलोय. आता माझं एक ऐका. स्टुडिओतल्या काचा, भिंगं, ते यंत्र, सगळं तुमच्या स्वाधीन करतो. पगारावर या.”

“तुमी आलात ह्येच लय झालं, मास्तर,” झुंबर म्हणाली. “सांगते इचार करून.”

मास्तर गेल्यावर हौशीराम दारात उभा राहिला. त्याला वाटत होतं छातीवरचा दगड उतरावा, पण तो उतरत नव्हता. झुंबरने कप विसळले. मग, त्या मार्गशीर्षानंतर पहिल्यांदाच, ती त्या विषयावर आपण होऊन बोलली.

“मला त्याच टायमाला ठावं व्हतं. आदल्या सांजला मी ती उजेडात बघून ठेवली व्हती.”

“मग बोलली का न्हाईस?”

“चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडू व्हय? मला वाटलं, सांजला घरी आल्यावर तुमी सांगाल. मी भाकरी करत वाट बघत व्हते. तुमी म्हनला, मास्तर तापले व्हते. मग मला वाटलं, उद्या सांगतील. आठ दिस मी रोज वाट बघितली. मग सोडलं.”

“माजं चुकलं, झुंबर.”

“व्हय,” ती म्हणाली, जशी त्या पहिल्या संध्याकाळी म्हणाली होती तशीच.

“मास्तरांकडं जाशील?”

तिने विसळलेले कप फळीवर पालथे घातले. “त्या वक्ताला बोलावलं असतं, तर मी नाचत गेले असते. तेवढं एकच काम मला मनापासनं आवडायचं. आता न्हाई वाटत. लावणी आलीया, भावाकडं जायचंय.”

शेठाणीबाईंनी काचेच्या कपाटाची किल्ली परत पाठवली. झुंबरने ती घेतली आणि काम नेकीने केलं. पण दर वर्षी ज्येष्ठ सरला की ती बेडशाला जायची आणि भात पोटरीत आल्यावर, थेट भाद्रपदात परतायची. भांडण नव्हतं. घरी असली की ती त्याच्याशी सगळं बोलायची. भावजयीचं बाळंतपण, म्हशीचं दूध, कार्ल्याच्या शेताची वाटणी, सगळं. फक्त त्याच्या कामाचं कधी काही विचारायची नाही. लोक म्हणायचे, जोडा समजूतदार आहे.

लढाई संपल्यावर वर्षभराने नवी तोटी आणि नवी सुई आली. ती हौशीरामने कुणाच्या हाती दिली नाही. रोज संध्याकाळी स्टुडिओतच बसून तो कोमट पाणी घ्यायचा, सुई बुडापासून टोकाकडे पुसायचा, एकेका भागावर तास घालवायचा. चाळिशी ओलांडलेला हा माणूस आता इतका टापटिपीचा झाला होता, की मास्तर नव्या लोकांना त्याचं उदाहरण द्यायचे. ते बोलू लागले की हौशीराम काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई.

त्या साली त्याने खंडाळ्याच्या एका डॉक्टरांच्या मुलीचा फोटो केला. लग्नाआधीच वारलेली मुलगी. आयुष्यातलं आपलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं त्यालाही वाटलं. पाठवण्याआधी झुंबरने ते एकदा बघावं, म्हणून तो तिला आग्रह करून स्टुडिओत घेऊन आला. चित्र खिडकीपाशी लावलं, पडदा सरकवला आणि तो बाजूला उभा राहिला.

झुंबर बराच वेळ बघत होती. मुलीच्या केसांमागे सोडलेली ती फिकट छटा, डोळ्यांखालची सावली. तिचा हात थोडासा उचलला गेला, जणू काही दाखवणार, आणि परत पदराखाली गेला.

“चांगला झालाय,” ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला. कुठे फवारा घोगरा लागला, कुठे रंग जास्त झाला, काहीतरी ती सांगेल, असं त्याला वाटत होतं. तिला ते दिसलं होतं, हे त्याला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

“निघायचं का?” तिने विचारलं. “बाजार उठायच्या आत भाजी घ्यायचीय.”

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. हौशीरामने खिडकीचा पडदा ओढला, दाराला कुलूप घातलं आणि तो तिच्यामागे भाजीबाजाराकडे चालू लागला.